विश्लेषण : सर्व्हरच्या नोंदीतील साडेपाच तास कुठे जातात? वेळेपुढचे '+०५३०' न लिहिल्याने काय बिघडते?

समजा, आर्वीच्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज शेवटच्या दिवशी, ३० जूनच्या रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी भरला. हिंगणघाटच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने तोच अर्ज रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे १ जुलै उजाडल्यावर पाठवला. मुदत ३० जूनच्या रात्री ११.५९ पर्यंतची. पुढे तक्रार झाली, म्हणून कार्यालयाने सर्व्हरच्या नोंदी काढल्या. त्यात पहिल्या अर्जासमोर ३० जून, १८:२२ आणि दुसऱ्यासमोर ३० जून, १९:१० असे छापलेले आढळले. वाचणाऱ्याने निष्कर्ष काढला की दोन्ही अर्ज संध्याकाळीच आले, दोघेही मुदतीत.

नोंद खोटी नव्हती आणि सर्व्हरचे घड्याळही सेकंदापर्यंत अचूक होते. पण ती वेळ भारताची नव्हती आणि ती कुठली आहे, हे त्या ओळीत लिहिलेलेच नव्हते. हे उदाहरण काल्पनिक असले, तरी असा घोळ अनेक ठिकाणी होऊ शकतो. महाराष्ट्रात तर वेळेच्या एका अपुऱ्या तपशिलामुळे निरपराध माणसाला ५० दिवस तुरुंगात काढावे लागले आहेत. हा घोळ होतो कसा आणि तो टाळायचा कसा, हे समजून घेऊ.

लॉग फाइल म्हणजे काय?

कोणतेही संकेतस्थळ उघडले की तुमचा मोबाइल दूरच्या एका संगणकाकडे मागणी पाठवतो. या संगणकाला वेब सर्व्हर म्हणतात. प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक ओळ लिहितो. मागणी कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, किती वाजता आली, कोणते पान मागितले, ते दिले की नाकारले आणि किती माहिती पाठवली, एवढे त्या ओळीत असते. या फाइलला लॉग म्हणतात. सरकारी कार्यालयातील आवक-जावक वहीसारखेच हे काम आहे, फक्त येथे कारकून यंत्र असते आणि दिवसाला लाखो ओळी लिहिते.

एरवी ही वही कोणी उघडत नाही. संकेतस्थळ बंद पडले, कोणी घुसखोरी केली, बँक खात्यातून पैसे गेले किंवा अर्ज वेळेत आला की नाही यावर वाद झाला, की पहिल्यांदा लॉग पाहिला जातो. तेव्हा 'किती वाजता' हा रकाना सर्वात महत्त्वाचा ठरतो.

साडेपाच तास आले कुठून?

जगभरातील घड्याळे ज्या एका समान वेळेशी जुळवली जातात, तिला यूटीसी म्हणतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. लॉगमध्ये हा फरक '+०५३०' असा लिहितात. यूटीसीमध्ये संध्याकाळचे १८:३० झाले, की भारतात मध्यरात्र होऊन तारीख बदलते. पहाटे साडेपाचच्या आत भारतात घडलेली प्रत्येक गोष्ट यूटीसीत आदल्या दिवशीच्या तारखेने नोंदली जाते. सेवाग्राम आश्रमात सूर्योदयापूर्वीच्या प्रार्थनेला लोक बसतात, तेव्हा यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरसाठी कालचाच दिवस सुरू असतो.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. वर्धा शहर साधारण ७८.६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, त्यामुळे वर्ध्याची सूर्यावरची वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे १५ ते १६ मिनिटे मागे असते. वर्ध्यात सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात सरासरी सव्वाबारा वाजलेले असतात. मुंबईत हाच फरक ३९ मिनिटांच्या आसपास आहे.

पूर्वी गावोगावी सूर्यावरचीच वेळ चालत असे. रेल्वे आली आणि ते अवघड झाले. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. प्रत्येक स्थानकाची वेळ वेगळी ठेवून वेळापत्रक चालवता येत नाही, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण मानली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी '+०५:३०' ही वेळ लागू झाली. मुंबई शहराने मात्र ती सहजी स्वीकारली नाही. तिथे ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत व्यवहारात होती. एकाच शहरात 'किती वाजले' या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे असत, म्हणून कोणत्या वेळेने हे विचारावेच लागे. आज सर्व्हरची नोंद वाचतानाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

इतिहास एवढ्यावर संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, भारताची घड्याळे एक तास पुढे होती. जगभरातील असे सगळे बदल संगणकांसाठी एका सामायिक यादीत नोंदवलेले असतात. जवळपास प्रत्येक सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन हीच यादी वापरतो. त्यात आपल्या देशाच्या वेळेचे नाव 'आशिया/कोलकाता' असे आहे. सर्व्हरवर 'मुंबई' किंवा 'दिल्ली' शोधणाऱ्या नवख्या अभियंत्याला ते सापडत नाही, ते यामुळे.

सर्व्हर मुंबईत असला तरी वेळ यूटीसीची का?

सर्व्हर ज्या शहरात आहे, तिथलीच वेळ तो दाखवेल, असे आपण गृहीत धरतो. क्लाउडवर भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर मात्र सुरुवातीला यूटीसीवरच लावलेले असतात, मग त्यांचे डेटा सेंटर मुंबईत असो वा सिंगापुरात. डॉकरसारख्या पेटीबंद पद्धतीने चालणाऱ्या प्रणालींतही, वेगळे काही सांगितले नाही, तर बहुधा यूटीसीच मिळते.

यामागे कारण आहे. अमेरिकेसारख्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळ बदलते. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाशी फोनवर बोलणाऱ्यांना हे ठाऊक असते. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळ एक तास मागे जाते, तेव्हा रात्रीचा दीड एकाच रात्रीत दोनदा वाजतो. त्या रात्रीच्या नोंदी स्थानिक वेळेत लिहिल्या, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे कळणार नाही. मार्चमध्ये उलट होते आणि एक तास गायबच होतो. यूटीसीत असे काही होत नाही, ती सरळ पुढे जात राहते. म्हणून नोंदी यूटीसीत ठेवणे ही चूक नाही, उलट चांगली सवय आहे. ती यूटीसी आहे, हे नोंदीत न लिहिणे ही चूक.

याची एक खूण बऱ्याच वाचकांनी स्वतःच्या मोबाइलवर पाहिली असेल. एखाद्या फाइलची तारीख हरवली, की तिथे '१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०' असे दिसते. संगणक आतून वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, या आकड्यात. आकडा शून्य असला की फोन त्यात भारताचे साडेपाच तास मिळवून दाखवतो. लंडनमध्ये हिवाळ्याच्या दिवसांत कोणी यूटीसी पाहत असेल तर त्याच्या आणि तिथल्या घड्याळात फरक नसतो, आपल्याकडे मात्र वर्षभर साडेपाच तासांचे अंतर असते.

कोणता सर्व्हर वेळ कशी लिहितो?

येथे खरी गुंतागुंत सुरू होते. अपाची आणि एनजिनएक्स हे जगात सर्वाधिक वापरले जाणारे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर. त्यांच्या नेहमीच्या लॉगमध्ये वेळ अशी दिसते :

[३०/जून/२०२४:२३:५२:०७ +०५३०]

शेवटचे '+०५३०' सांगते, की ही वेळ भारताची आहे. तोच सर्व्हर यूटीसीवर असता, तर ओळ अशी असती :

[३०/जून/२०२४:१८:२२:०७ +००००]

दोन्ही ओळी एकाच क्षणाच्या आहेत. मागचे चार आकडे असल्यामुळे गोंधळाला जागा नाही.

मात्र याच दोन सॉफ्टवेअरचा बिघाडाचा लॉग वेगळा असतो. त्यात नेहमीच्या मांडणीनुसार तारीख आणि वेळ असते, '+०५३०' नसते. म्हणजे कोण आले याची नोंद पूर्ण आणि काय बिघडले याची अपुरी. दोन्ही फाइली शेजारी ठेवून तपास करणाऱ्याला फरक स्वतः लक्षात ठेवावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा नेहमीचा, डब्ल्यूथ्रीसी पद्धतीचा लॉग यूटीसीतच लिहिला जातो, मग संगणकाच्या पडद्यावरचे घड्याळ भारतीय वेळ का दाखवेना. दिवसाची फाइलही यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. ३० जूनची फाइल उघडून 'रात्री दोनची नोंद कुठे आहे' असे शोधणाऱ्याला ती २९ जूनच्या फाइलमध्ये सापडते.

यात भर म्हणून अनेक अर्जप्रणाली स्वतःचा वेगळा लॉग ठेवतात, डेटाबेस स्वतःचा ठेवतो, एसएमएस पाठवणारी सेवा तिसरा. एकाच अर्जाची वेळ चार ठिकाणी चार पद्धतींनी लिहिलेली असू शकते.

मग 'वेळ' म्हणजे नेमकी कोणती वेळ?

टाइम झोन जुळला तरी एक प्रश्न उरतो. पुलगावच्या एखाद्या घरातून कमी नेटवर्कवर चार कागदपत्रांचे स्कॅन चढवले जात आहेत, असे धरा. 'पाठवा' हे बटण ११.५८ ला दाबले, फाइल पूर्ण पोहोचायला १२.०१ वाजले. अपाची नोंदवतो ती मागणी मिळाल्याची वेळ, म्हणजे ११.५८. एनजिनएक्स नोंदवतो ती काम संपल्याची वेळ, म्हणजे १२.०१. दोघांपैकी कोणीही चुकलेला नाही. मुदतीच्या बाबतीत कोणता क्षण ग्राह्य, हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, ते नियमावलीत आधीच लिहिलेले असावे लागते.

मुदत लिहिण्यातही सापळा आहे. संकेतस्थळांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत '२०२४-०६-३०' अशी नुसती तारीख दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र समजली जाते, म्हणजे भारतात ३० जूनची पहाट, साडेपाच. तारखेसोबत वेळ लिहिली पण फरक लिहिला नाही, तर तीच भाषा ती स्थानिक वेळ समजते. प्रोग्रामरने या बारकाव्याकडे दुर्लक्ष केले, तर अर्जाची खिडकी शेवटच्या दिवशी सकाळी साडेपाचलाच बंद होईल आणि नऊ वाजता आलेल्या विद्यार्थ्याला 'मुदत संपली' असा संदेश दिसेल. उलट, २३:५९ ही मुदत यूटीसीत धरली गेली, तर खिडकी दुसऱ्या दिवशी पहाटे ५.२९ पर्यंत उघडी राहील. पहिल्या प्रकारात पात्र विद्यार्थी बाहेर राहतो, दुसऱ्यात मुदत चुकलेला आत येतो.

पुण्याच्या प्रकरणात काय घडले होते?

ऑगस्ट २००७. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांचा अवमान करणारा मजकूर टाकला गेल्याची तक्रार पुणे पोलिसांकडे आली. पोलिसांनी गूगलकडून आयपी पत्ता मिळवला. मग त्या पत्त्यावर त्या वेळी कोण ग्राहक होता, हे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला विचारले. कंपनीने दिलेल्या माहितीवरून बेंगळुरूतील एका तरुण संगणक अभियंत्याला अटक करून पुण्यात आणण्यात आले.

त्याने काहीही केलेले नव्हते. कंपनीने दिलेला ग्राहकाचा तपशील चुकीचा होता, हे उघड होईपर्यंत त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले होते. चुकीमागचे कारण म्हणून जे समोर आले, ते फार साधे होते. माहिती मागताना मजकूर १ वाजून १५ मिनिटांनी टाकला गेला असे सांगितले गेले, पण दुपारी की मध्यरात्रीनंतर, हे नीट स्पष्ट केलेले नव्हते. पुढे राज्य मानवी हक्क आयोगाने या प्रकरणाची दखल घेतली आणि कंपनीने त्या तरुणाला २ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला.

या प्रकरणातील चूक टाइम झोनची नव्हती, दुपार की मध्यरात्र ही होती. पण दोन्हींची जात एकच. आकडा लिहिला आणि तो कोणत्या घड्याळाचा, हे सोडून दिले. तिथे १२ तासांचा फरक पडला, टाइम झोन विसरला तर साडेपाच तासांचा पडतो. चुकीच्या माणसाच्या दारापर्यंत पोहोचायला तेवढा पुरेसा आहे.

एका आयपी पत्त्यावर एकच माणूस नसतो का?

नसतो. आयपी पत्ता म्हणजे घराचा क्रमांक, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक ग्राहकांना पत्ता तात्पुरता मिळतो. राउटर बंद करून सुरू केला, की तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. दुपारी जो पत्ता वर्ध्यातील एखाद्या घराकडे होता, तो संध्याकाळी देवळीतल्या दुकानाकडे असू शकतो.

मोबाइल इंटरनेटमध्ये गुंता अधिक आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात अपुरे पडतात, म्हणून कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटून देतात. कोण कोणता, हे ओळखायला पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक आणि नेमकी वेळ लागते. येथे तास सोडा, काही सेकंद चुकले तरी दुसऱ्याच ग्राहकाचे नाव निघू शकते. आणि वेब सर्व्हरचे नेहमीचे लॉग समोरच्याचा पोर्ट क्रमांक लिहीतच नाहीत. तो वेगळा मागावा लागतो. तपासाचा सारा भार मग वेळेच्या रकान्यावर येतो.

नियम काय सांगतात?

देशातील सायबर सुरक्षेची मध्यवर्ती यंत्रणा 'सर्ट-इन' हिने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब नुसार निर्देश काढले. ते सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांना लागू आहेत. लघु व मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली. त्यातील तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत.

पहिली, सर्व संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी, किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा म्हणजे एनपीएल यांच्या वेळ सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची. दिल्लीतील एनपीएलकडे देशाच्या अधिकृत वेळेची जबाबदारी आहे आणि ती अणुघड्याळांवरून सांभाळली जाते. दुसरी, लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. तिसरी, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या.

निर्देशांनंतर, सगळे सर्व्हर भारतीय वेळेवरच लावावेत का, असा प्रश्न विचारला गेला. त्यावर सर्ट-इनने मे २०२२ मध्ये प्रश्नोत्तरे प्रसिद्ध केली. अनेक देशांत पसरलेल्या प्रणालींसाठी घड्याळांचा मेळ महत्त्वाचा आणि वेळेसोबत टाइम झोनही नोंदवावा, म्हणजे गरज पडेल तेव्हा अचूक रूपांतर करता येईल, असा त्यातील मुद्दा होता. सर्व्हर यूटीसीवर असायला हरकत नाही, पण तसे नोंदीत लिहा, हाच त्याचा अर्थ.

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेविषयीच्या नियमांचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला. कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यावसायिक कामांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी, असा त्याचा रोख आहे.

घड्याळ बरोबर असेल, तर अडचण काय?

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. घड्याळ जुळवणे ही एक गोष्ट आणि टाइम झोन ही दुसरी. संगणकाचे आतले घड्याळ हळूहळू पुढे-मागे सरकते. ते एनटीपी नावाच्या पद्धतीने वेळ सर्व्हरकडून सतत दुरुस्त केले जाते. हे झाले नाही, तर काही महिन्यांत मिनिटांचा फरक पडू शकतो.

एनटीपी मात्र फक्त यूटीसी देते, टाइम झोन ठरवत नाही. म्हणून एनटीपी उत्तम चालू असलेला सर्व्हरही नोंदी यूटीसीत लिहून, तसे न सांगता, वाचणाऱ्याला साडेपाच तासांनी फसवू शकतो. उलट, टाइम झोन भारताचा आहे पण घड्याळ ७ मिनिटे पुढे आहे, असेही होऊ शकते. दोन्ही तपासावे लागते.

दोन्हींची खूण वेगळी असते. दोन नोंदींतला फरक बरोबर ५ तास ३० मिनिटे निघाला, तर टाइम झोनवर संशय घ्यावा. तो ७ मिनिटे १२ सेकंद असा आडनिडा निघाला, तर घड्याळावर.

न्यायालयात लॉग कसा टिकतो?

डिजिटल नोंद आणि घड्याळ यांचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले आणि कैलास गोरंट्याल यांनी निकालाला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या मुदतीनंतर स्वीकारला गेला का, हा प्रश्न होता आणि निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करताना कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे स्पष्ट केले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. लॉगमध्ये नंतर फेरफार झाला नाही, हे त्यातून दाखवता येते. पण मूळ नोंदीत टाइम झोनच नसेल, तर हॅश त्या अपुऱ्या नोंदीलाच जसेच्या तसे जपेल. म्हणून '+०५३०' किंवा '+००००' हे नोंद होतानाच लिहिले गेले पाहिजे.

संस्थांनी काय करावे?

जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालये, पतसंस्था, बाजार समित्या, रुग्णालये यांची संकेतस्थळे बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे असतात. एजन्सीला पुढील गोष्टी विचारायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

• सर्व्हर कोणत्या टाइम झोनवर आहे? उत्तर लेखी घ्यावे.

• लॉगच्या प्रत्येक ओळीत फरक लिहिला जातो का? बिघाडाच्या लॉगमध्ये आणि अर्जप्रणालीच्या स्वतःच्या लॉगमध्येही?

• घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलशी जुळवलेल्या सर्व्हरशी जोडले आहे का?

• लॉग किती दिवस ठेवले जातात? होस्टिंगच्या स्वस्त योजनांत ते काही दिवसांतच पुसले जाऊ शकतात.

• अर्जाची मुदत प्रणालीत कशी लिहिली आहे? ती ५.३० तासांनी आधी किंवा नंतर बंद होत नाही, हे मुदतीपूर्वी एकदा तपासून पाहिले आहे का?

• रात्री २ ला ठरवलेला बॅकअप खरेच रात्री २ ला होतो का? सर्व्हर यूटीसीवर असेल, तर तो सकाळी साडेसातला सुरू होईल.

आणि आपण काय करावे?

ऑनलाइन फसवणूक झाली, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तक्रारीत वेळ लिहिताना २४ तासांच्या पद्धतीने, तारखेसह आणि 'भारतीय प्रमाणवेळ' असे जोडून लिहावी. 'रात्री १२ वाजता' असे लिहू नये, कारण ती कोणत्या तारखेची रात्र हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'एक जुलै, ००:१० वाजता' असे लिहावे. बँकेचा एसएमएस, ई-मेल आणि व्यवहार क्रमांक पुसू नयेत. ई-मेलचा मूळ तपशील उघडला, तर त्यात '+०५३०' किंवा '+००००' असा आकडा बहुधा दिसतो. तो तसाच जपावा.

शेवटच्या दिवशी अर्ज भरला असेल, तर पोचपावती आणि मोबाइलचे घड्याळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा. मोबाइलमधील वेळ 'आपोआप' या पर्यायावर असू द्यावी. आणि माहिती अधिकारात किंवा तक्रारीत लॉगची प्रत मागताना एक वाक्य जरूर लिहावे, 'नोंदीतील वेळ कोणत्या टाइम झोनमधील आहे, ते नमूद करावे.'

सुरुवातीच्या उदाहरणातील आर्वीच्या विद्यार्थिनीने मुदत पाळली होती आणि हिंगणघाटच्या विद्यार्थ्याची ४१ मिनिटांनी हुकली होती. दोघांच्या नोंदीत '+००००' एवढेच असते, तर कार्यालयातील कोणीही त्यात साडेपाच तास मिळवून मिनिटभरात निकाल देऊ शकला असता.